मागच्या डेकवरची घंटा

मित्रांनो, मी जहाजावरची एक जुनी पितळी घंटा आहे. जुनी म्हणून माझी कीव करू नका. माझा आवाज आजच्या कितीतरी भोंग्यांना लाजवील!

माझा जन्म इंग्रजांच्या काळातला. तेव्हा सिंगापूरहून निघणाऱ्या मालाच्या जहाजांवर चाचे तुटून पडत. म्हणून व्यापाऱ्यांची जहाजं घोळक्यानं निघत आणि सोबतीला सरकारची तोफा लावलेली बोट असे. मी सगळ्यात मागच्या जहाजावर होते. चाच्यांच्या होड्या दिसल्या रे दिसल्या की पहारेकरी मला बडवी, आणि माझा आवाज ऐकून ती बोट मागे वळे. बंदराला लागल्यावर कप्तान स्वतः मला पुसून काढी. मग मी काय कोणाला ऐकते!

पुढे वाफेची जहाजं आली, तारायंत्रं आली आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात धूळ खात पडले. फार वाईट दिवस ते. १९९३ साली शैलेंद्र नावाच्या मराठी इंजिनिअरनं मला उचललं. सिंगापूरजवळच्या सामुद्रधुनीत पुन्हा चाचे फिरत होते. त्याच्या मालवाहू जहाजाचा मागचा अलार्म वरचेवर बंद पडायचा आणि त्याचा सुटा भाग काही मिळत नव्हता.

सिंगापूरमधल्या पासिर रिस भागातल्या फ्लॅटमध्ये त्याच्या बायकोनं, विनीतानं, मला चिंच लावून लखलखीत घासलं. निघायच्या दिवशी हळदकुंकू वाहिलं आणि देवघरातलं लाल वस्त्र माझ्या लोलकाला घट्ट गुंडाळलं.

"अहो, देवीचं आहे. परत येईपर्यंत सोडायचं नाही हं," ती म्हणाली.

"पप्पा, लाइक धिस कॅनॉट रिंग, लाह!" त्यांची मुलगी जाई तिकडच्या इंग्रजीत म्हणाली.

"निघताना वाजणार नाही असं बोलू नये!" विनीतानं तिला दटावलं.

शैलेंद्रला कळत नव्हतं असं नाही. पण मला मागच्या डेकवर टांगल्यावरही ती गाठ सोडणं त्याच्या जिवावर आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक वेगवान होडी आमच्या मागे लागली. पहाऱ्यावरच्या सुबोधनं अलार्मचं बटण दाबलं. ढिम्म! त्यानं माझी दोरी ओढली. मी जीव तोडून हलले, पण आवाज निघाला तो नुसता 'थप, थप'. चाच्यांनी कठड्याला आकडा अडकवला. आत एकवीस माणसं निवांत चहा पीत होती. मित्रांनो, त्या क्षणी मला रडू आलं.

इतक्यात अलार्म तपासायला शैलेंद्र वर आला.

"सर, ते फडकं!" सुबोध ओरडला.

"आई, माफ कर," म्हणत शैलेंद्रनं खिशातल्या चाकूनं वस्त्र कापलं.

मग मी वाजले! अशी वाजले की सगळे कप टाकून धावत आले. त्यांनी पाण्याचे मोठे पाइप सोडले, आकड्याचा दोर तोडला आणि ती होडी आल्या वाटेनं पळाली.

पुढच्या सफरीआधी शैलेंद्रनं मला घरी नेलं. विनीतानं पुन्हा घासलं, कुंकू लावलं आणि मग माझी दोरी खसकन ओढली. सगळ्या मजल्यावरचे शेजारी दारात आले. तिनं हसून सगळ्यांची माफी मागितली.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखी एखादी राखणदार वस्तू असेल. तिला घासा, पुसा, हार घाला. आम्हाला मान आवडतोच, खोटं कशाला बोलू? पण तिच्या भरवशावर कोणाला दूर पाठवण्याआधी, एकदा वाजवून बघा.