कचरापेटीतले चाळीस धडे

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. हल्ली कपाटावर धूळ खात पडलेला असतो. पोटातली डिस्क केव्हाच काढून घेतली आहे, पण केलेलं पाप आठवायला डिस्क लागत नाही.

उमेदीच्या काळात घरात माझे फार लाड होते. सकाळी नात माझ्यावर अभ्यास करायची. दुपारी ती कॉलेजला गेली की आजोबा हळूच येऊन बसायचे. त्यांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. आता हात थरथरतात, म्हणून ते आपली विद्या एका बोटाने टाइप करून ठेवत होते. एका घड्याळाला एक धडा, सोबत सुट्या भागांचे ढीगभर फोटो. "आता कोण घड्याळं दुरुस्त करतंय, आजोबा!" असं नात एकदा हसली होती, तेव्हापासून हा कारभार गुपचूप चालायचा. आणि धडे लपवायचे कुठे? तर माझ्या कचरापेटीत! तिथे कोण कशाला डोकावतंय? रोज धडा बाहेर काढायचा, चार ओळी लिहायच्या आणि पुन्हा पेटीत टाकायचा. असे चाळीस धडे झाले.

एका संध्याकाळी नातीला सिनेमा उतरवून घ्यायचा होता आणि माझ्यात जागा नव्हती. "कचरापेटी रिकामी करू?" मी सवयीने विचारलं. तिने न बघता 'हो' दाबलं. आत काय आहे ते मला ठाऊक होतं, तरी मी मुकाट्याने सगळं पुसलं. दुसऱ्या दिवशी मी सुरूच झालो नाही.

दुरुस्तीवाल्या ताईंनी डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली. "तुझा अभ्यास आहे गं सगळा," त्या म्हणाल्या. नात खूश झाली. आजोबा मात्र घुटमळले.

"कचरापेटीतलं निघेल का हो? माझं थोडं लिखाण होतं त्यात."

नातीचा चेहरा उतरला. "आजोबा, ते तुमचं होतं? मी परवाच रिकामी केली ती."

आजोबांनी हात खिशात घातला.

"त्यानंतर हा चालवलास?" ताईंनी विचारलं.

"एक सिनेमा उतरवला. मग हा बंदच पडला."

"बंद पडला तेच बरं झालं. पुसलेलं लगेच जात नाही, त्या जागेवर नवीन काही आलं की जातं. बघते मी."

एकतीस धडे निघाले. नऊ धड्यांच्या जागी सिनेमा बसला होता. बंद पडण्याबद्दल शाबासकी मिळालेला मीच एक करंटा!

आता संध्याकाळी आजोबा सांगतात आणि नात नव्या लॅपटॉपवर ते नऊ धडे लिहून घेते. काल एका धड्याशी आजोबा अडले. "पुढे काय बरं होतं..." ते कपाळ चोळत राहिले. नात वाट बघत बसली. पुढची ओळ मला पाठ होती, पण माझा पडदा काही उजळला नाही.

मित्रांनो, कुणाचं काही टाकून देण्याआधी ते कुणाचं आहे, एवढं तरी विचारा. मी नुसतंच "रिकामी करू?" असं विचारलं होतं.