टोब्याचा पट्टा

माझं तोंड फटकळ आहे, हे साऱ्या कोपरीला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगून टाकते, त्या कुत्र्याच्या बाबतीत मी लबाडी केली, आणि त्याची मला लाज वाटत नाही. जिनं भर उन्हात डोक्यावर दोन हंडे घेऊन पाऊण कोस पाणी वाहिलंय, तिनं मला खुशाल नावं ठेवावीत. बाकीच्यांनी गप ऐकावं.

आमच्या गावाच्या विहिरी सगळ्या मचूळ. खाडी अंगणाला लागलेली, मग दुसरं काय होणार? गोडं पाणी जवळ एकाच ठिकाणी, मिठागरांवरच्या साहेबाच्या बंगल्यात; नाहीतर पाऊण कोस लांबून आणायचं. बंगला उंचवट्यावर, आवारात आंब्याखाली विहीर आणि मागच्या अंगाला लाकडी फाटक. ते फाटक मोठं खट्याळ. हात सोडला की आपसूक मिटायचं, आत कडी पडायची आणि आतून कोणी उघडेपर्यंत बाहेरच्यानं बोंबलत राहायचं. माझा नवरा राघो त्या बंगल्यावर राखणदार. साहेबाच्या मडमेनं आम्हा बायकांना सकाळी घटकाभर पाणी न्यायची मुभा दिली होती, तेवढा वेळ राघो फाटक धरून उभा राहायचा. त्या घटकेवर आमची चाळीस घरं जगत होती.

मडम बाई वाईट नव्हती. मुनशी ठेवून मराठी शिकलेली, त्यामुळे बोलायची ते पोथीतून वाचल्यागत. मला ती ‘आपण’ म्हणायची. अख्ख्या जगात मला ‘आपण’ म्हणणारी ती एकटी. राघो तर मला ‘अगं ए’ म्हणतो.

आणि तिचा तो टोबी. पग नावाची जात म्हणे, विलायतेहून बोटीनं आणलेला. आम्ही त्याला टोब्या म्हणायचो. हातभर लांब, पिंपासारखं अंग, काळं तोंड, नाक आत गेलेलं, डोळे बाहेर आलेले आणि कपाळावर सुरकुत्या अशा की सात पोरींची लग्नं याच्याच डोक्यावर आहेत. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं म्हणतात. याचं पाठीवर असं वेटोळं बसलेलं की नळीत जायलाच तयार नसतं. चार पावलं चालला की घशातून घरघर घरघर. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, “अगं बाय, याला कोणी भिंतीवर आपटला?” मडमेला मराठी समजतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्या साली चैत्रात मडम महाबळेश्वरला निघाली. साहेब मुंबईला राहणार होता, बटलर आणि स्वयंपाकी तिच्याबरोबर जाणार होते. टोब्याला मात्र न्यायचं नव्हतं. आदल्या साली घाट चढताना टांग्यात त्याचा श्वास कोंडला होता, मरता मरता वाचला होता. तिनं मला बोलावणं धाडलं.

“ठमाबाई, टोबीचा सांभाळ आपण करावा. त्याला आपल्याविषयी फार ममता आहे. तो नेहमी आपले हात चाटतो.”

माझ्या हातांना सुकटीचा वास होता म्हणून चाटायचा मेला. पण हे तिला कोण सांगणार?

मग तिनं नेम सांगितले. सकाळी उकडलेली कोंबडी, हाडं काढून, बारीक करून, मीठ न घालता. संध्याकाळी दुधात भिजवलेला पाव. तोंडावरच्या घड्या रोज ओल्या फडक्यानं पुसून कोरड्या करायच्या, नाहीतर आत चिघळतं. डोळे उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवायचे. उन्हात न्यायचं नाही. कोंबड्या खुराड्यात सोडल्या होत्या, पावाची सोय केली होती. राघोला इतका मान सासुरवाडीत मिळाला नव्हता.

शेवटी तिनं टोब्याच्या गळ्यातल्या लाल कातडी पट्ट्यावर बोट ठेवलं. पितळी बक्कल तिसऱ्या भोकात होतं.

“मी वटपौर्णिमेच्या सुमारास परत येईन. पट्टा याच भोकात आणि असाच घट्ट असावा. तो रोड झालेला दिसला, तर हे फाटक यापुढे कोणासाठीही उघडणार नाही.”

‘आपण’ म्हणणारी माणसं गळाही आदबीनं कापतात.

पहिल्या दिवशी मी कोंबडी उकडली, बारीक केली, चिनी मातीच्या बशीत घालून पुढं ठेवली. टोब्यानं बशीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. दूध-पावाला तर त्यानं नाकसुद्धा लावलं नाही. मडमेच्या खुर्चीखाली पडून घरघर करत राहिला. मडम गेल्याला दोन दिवस झाले नाहीत, तोवर हा उपाशी मेला तर गाव मला विहिरीत ढकलेल, आणि तीही मचूळ.

“मग ही कोंबडी फेकायची का?” राघोनं विचारलं.

“फेकू नको. खा.”

त्यानं तिला मीठ-मिरची लावली आणि बशी चाटूनपुसून ठेवली. टोब्यापेक्षा स्वच्छ.

तिसऱ्या दिवशी मी वैतागले. त्याला काखोटीला मारला आणि घरी आणला. माझी जाऊ गोदा चुलीपाशी सुकट भाजत होती. टोब्याची घरघर थांबली. तो ताठ उभा राहिला, वेटोळं शेपूट हलायला लागलं आणि गोदा मागं वळेपर्यंत त्यानं पुढ्यातली मूठभर सुकट फस्त केली होती.

“भीक नको पण कुत्रा आवर,” गोदा म्हणाली.

मग काय, ठरलं. सुकट दोन पाण्यांतून धुवायची म्हणजे खारटपणा जातो. उकड्या तांदळाची पेज, त्यात ती चुरून, वर भाकरीचा तुकडा. डोकी-शेपट्या मात्र मी एकेक खुडायची. एवढी निगा मी राघोच्या ताटाचीही केली नव्हती. घड्या पुसायचे, डोळे धुवायचे, ते नेम सगळे पाळले. उन्हाचा नेम तेवढा वाकवला. पहाटे मिठागरावर कामाला जाताना त्याला बरोबर न्यायला लागले आणि ऊन चढायच्या आत ओल्या गोणपाटाखाली सावलीत बसवायला लागले.

आधी चार पावलांत बसकण मारायचा. मग दहा चालला. मग बांधावरून शंभर. एक दिवस त्याला खेकडा दिसला. खेकड्यानं नांगी दाखवली, टोब्यानं डोळे आणखी बाहेर काढले आणि तिथून त्यांचं जे वैर जडलं ते जडलं. रोज बांधावर खेकड्यांमागं उड्या. एकही त्याला कधी सापडला नाही, पण हार मानेल तर टोब्या कसला? घरघर कमी झाली. महिन्याभरात तो मला पाहिलं की पळत यायला लागला. खरं सांगते, मला त्याचा लळा लागला. माझ्या घरात माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारा तो एकटाच होता.

इकडं राघो रोज सकाळी मडमेच्या नेमाप्रमाणे कोंबडी खात होता.

वटपौर्णिमेला आठ दिवस उरले तेव्हा गोदा टोब्याचे कान पुसता पुसता थांबली.

“वहिनी, याच्या पट्ट्यात माझी चार बोटं जातात.”

मी पाहिलं. बक्कल तिसऱ्याच भोकात होतं, पण पट्टा गळ्यात माळेसारखा लोंबत होता. जरा ओढला तर डोक्यावरून सुळकन निघाला. रोज डोळ्यांपुढं असलेलं जनावर, रोड होत गेलेलं कळलंच नाही. कुत्रा ठणठणीत होता, हे मला दिसत होतं. पण मडम ढिला पट्टा बघणार आणि फाटक बंद करणार.

बातमी आळीभर झाली. मग ज्या बायका मला ‘साहेबाचं कुत्रं सांभाळणारी’ म्हणून हसत होत्या, त्याच एकेक करून यायला लागल्या. कोणी तूप आणलं, कोणी गुळाचा शिरा, कोणी ओल्या खोबऱ्याची करंजी. ठमाबाईच्या ओटीवर टोब्याचं केळवण. त्यानं सगळं हुंगलं आणि सुकट मागितली. म्हाताऱ्या रखमाबाईनं ठाम सांगितलं की याला दृष्ट लागली. तिनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, तडतड झाली, टोब्याला शिंक आली. दृष्ट उतरली असेल, पण पट्टा काही भरला नाही.

वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी मी पट्टा ओच्यात बांधला आणि ठाण्याच्या बाजारात जोडे शिवणाऱ्या काळुरामापुढं टाकला.

“बक्कल काढ, या बाजूनं तीन बोटं कापून टाक आणि बक्कल परत शिव. भोकांना हात लावू नको.”

काळुरामानं पट्टा उलटसुलट करून पाहिला. “म्हणजे भोक तेच आणि गळा बारीक. बाई, तू वकील व्हायची.”

त्यानं मेणाच्या दोऱ्यानं दणकट टाके घातले. तिसऱ्या भोकात पट्टा टोब्याच्या गळ्यात चपखल बसला. मी घरी येऊन पोटभर जेवले.

मडम आली ती सकाळची, पाण्याच्याच वेळी. बाकीच्या बायका हंडे घेऊन फाटकाबाहेर. राघो सलाम ठोकायला पुढच्या अंगाला गेलेला, त्यामुळे फाटक मिटलेलं. मी एकटी आत, टोब्याला कडेवर घेऊन. मडम टांग्यातून उतरली आणि टोब्यानं माझ्या कडेवरून उडी मारली. अंगण ओलांडून असा धावला की मडम एक पाऊल मागं सरली. तिला वाटलं दुसरंच कुत्रं आहे.

मग तिनं त्याला उचललं. कुशी चाचपल्या. छातीला कान लावला. आणि पट्ट्यावर बोट ठेवलं. तिसरं भोक, घट्ट. मी आभाळाकडं बघत उभी राहिले.

तिचा अंगठा पट्ट्यावरून सरकत बक्कलापाशी गेला. टाक्यांवर थांबला. वहाणेचे असतात तसे जाडजूड टाके, आंधळ्यालाही कळावे असे. तेवढ्यात राघो सलाम करायला वाकला आणि त्याच्या डगल्याचं पितळी बटण तुटून मडमेच्या पायांशी टणटणत गेलं. डगला पोटावर आधीच कसाबसा मिटत होता. मडमेनं बटणाकडं पाहिलं, राघोच्या पोटाकडं पाहिलं, मग टोब्याकडं.

“राघोजी, आपली प्रकृती उत्तम दिसते,” ती म्हणाली. “कोंबडी मानवली.”

राघोनं माझ्याकडं पाहिलं. मला तिथंच त्याला बदडावंसं वाटलं.

“ठमाबाई, खरे सांगावे. आपण टोबीला काय दिले?”

फाटकाबाहेर चाळीस हंडे. मला खोटं बोलता आलं असतं, जिभेवर तयार होतं. पण टोब्या माझ्याकडं बघून शेपूट हलवत होता, आणि माझं डोकंच फिरलं.

“सुकट दिली. पेज दिली. मिठागरावर पळवला. पट्टा मी कापून आणला, राघोचा त्यात हात नाही, त्याचा हात फक्त बशीत होता. मडम, तुमचं लेकरू बसून बसून मरत होतं. त्याला श्वास पुरत नव्हता. आता पुरतो. पट्टा ढिला दिसला की तुम्ही आमचं पाणी तोडणार, म्हणून मी कापला. भीती वाटली मला. माझ्या सासूची कंबर पाणी वाहून गेली, माझी घालवायची नाही मला. शिक्षा द्यायची तर मला द्या. बाहेरच्यांनी काही केलेलं नाही.”

टोब्याच्या तोंडावरच्या घड्या मडमेनं बोटानं उलगडून पाहिल्या. कोरड्या होत्या, स्वच्छ होत्या.

“मुंबईचा डॉक्टर मला दोन वर्षे हेच सांगतो,” ती म्हणाली. “खाणे कमी करा, त्याला चालवा. माझ्याने झाले नाही. तो माझ्याकडे त्या डोळ्यांनी पाहतो.”

“पाहतोच मेला,” मी म्हटलं. “माझ्याकडं पण पाहायचा. मी ढुंकून बघत नसे.”

हे साफ खोटं होतं. त्या दिवसातलं तेवढं एकच.

तिनं टोब्याला खाली ठेवलं, त्याच्या गळ्यातला पट्टा सोडला आणि तो हातात घेऊन तडक फाटकाकडं चालायला लागली. वाटलं, आता कुलूप. पलीकडं गोदानं हंडा डोक्यावर उचलून धरला होता, परत फिरायच्या तयारीनं.

मडमेनं कडी काढली. फाटक सताड उघडलं आणि मागच्या खांबाला टेकवलं. ते नेहमीप्रमाणं मिटायला निघालं, तसं तिनं गुडघ्यानं दाबून धरलं, फाटकाच्या आडव्या पट्टीभोवतून आणि खांबावरच्या खुंटीभोवतून तो लाल पट्टा घेतला आणि बक्कल ओढून बसवलं. तिसऱ्या भोकात. हलवून पाहिलं. फाटक जागचं हललं नाही.

“हा पट्टा येथे असाच असावा,” ती म्हणाली. “दिवसभर.”

दुसऱ्या दिवसापासून कोंबडी बंद झाली, याचं राघोला आजतागायत दुःख आहे. सुकटीची पेज मात्र माझ्याकडून रोज बंगल्यात जायला लागली. पण हे पुढचं. त्या सकाळी बायका एकेक करून आत आल्या. टोब्या गोदाच्या ओच्याला नाक लावून तिच्यामागं हिंडत होता. फटकळ तोंडाची मी, पण मला एक शब्द सुचला नाही. मी हंडा भरला आणि घरी गेले.