लेणी नसलेलं गाव

दिवाळीच्या सुट्टीत कुठं जायचं, यावर घरात खल चालला होता. "जिथं लेणी नाहीत तिथं," आमची स्वरदा म्हणाली. पोरीचं काय चुकलं? दरवर्षी सुट्टी लागली की माझ्या नणंदबाई त्यांच्या गावाहून सगळा गोतावळा घेऊन अजिंठा बघायला आमच्याकडं उतरतात. मी पहाटे उठून दशम्या करायच्या, लेण्यांच्या पायथ्याच्या फर्दापूरपर्यंत गाडीत ओकणाऱ्या पोरांपुढं पिशव्या धरायच्या आणि घरी आलं की न्हाणीच्या जाळीतून त्यांच्या केसांचे गुंते काढायचे. शी!

तेवढ्यात त्यांचा फोन आलाच. "दादा, शुक्रवारी येतोय. तुम्ही काय, घरीच असणार!"

"या, या," आमचे हे लगेच म्हणाले. मी फोन हिसकावला.

"या की वन्सं. किल्ली शेजारी ठेवते. आम्ही गावाला चाललोय."

"अगंबाई, कुठं?"

"तुमच्या घरी. तुमचीपण किल्ली शेजारी ठेवून या."

पलीकडून बारीक आवाज आला, "आमच्या घरी काय आहे बघायला?"

"काही नाही," मी म्हणाले, "म्हणून तर येतोय."