चढले किती

शेषरावांनी पिंटूच्या काळ्यापिवळ्या जीपची चावी काढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

"काका, काहून असं करता? धंद्याचा टाइम हाये."

"एक दिवस धंदा नाई केला तर मरतं का बे? गाडी येईपर्यंत एकबी माणूस तुया जीपमंदी बसणार नाई."

आसरखेडच्या फलाटावर त्या सकाळी साठेक माणसं उभी होती. शेषरावांनीच दोन दिवस घरोघरी फिरून ती जमवली होती. अकोल्याहून रेल्वेचा मनोज नावाचा कारकून आला होता, पॅसेंजरमध्ये आज किती माणसं चढतात ते मोजायला. आकडा कमी भरला की इथला थांबा बंद. आणि थांबा बंद झाला की शेषरावांच्या नातीचं, अपेक्षाचं, अकोल्यातलं नर्सिंगही बंद. जीपमध्ये चौदा माणसांत कोंबून पोरीला पाठवणार नाही, असं तिच्या बापानं बजावून ठेवलं होतं. मोजायला आलेला कारकून स्वतः मोटारसायकलवर आला होता. ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

गाडीची वेळ आठ दहाची. साडेआठला कोळशाची मालगाडी गेली. नऊला ती नवी पांढरी गाडी गेली, काचा बंद, धूळ उडवत. प्रत्येक वेळी माणसांनी पिशव्या उचलल्या आणि पुन्हा खाली ठेवल्या.

शेषराव एकतीस वर्षं याच स्टेशनात पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलायला आणि गाडीला झेंडा दाखवायला. तेव्हा दिवसाला चार पॅसेंजर थांबायच्या, मास्तर असायचा, नळाला पाणी असायचं. आधी मास्तर गेला, मग पाणी गेलं. लॉकडाऊनमध्ये चारही गाड्या बंद झाल्या, आणि परत आली ती एकच, तीही भाडं वाढवून आणि मनाला येईल तेव्हा. अन् वरून रेल्वेवालेच विचारणार, माणसं का येत नाहीत! गाईला वैरण टाकायची नाही आणि दूध आटलं म्हणून बोंबलायचं. शेषरावांना हे कोणाच्या तरी तोंडावर बोलायचं होतं, पण समोर बोलण्यासारखा माणूस म्हणजे हा मनोज, आणि तो बिचारा बाकावर बसून बिस्किटं खात होता.

साडेनऊला जमलेल्यांपैकी उत्तमराव कागदांची पिशवी घेऊन उठले.

"शेषराव, जातो मी. आज कोर्टात तारीख हाये. वकील खाईन मले."

"बसा न जरा! मांगच्या स्टेशनातून सुटली गाडी."

"कोणं सांगतलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. शेषराव फाटकाशी जाऊन आडवे उभे राहिले. त्यांना बाजूला सारून जाणं उत्तमरावांना जमेना. ते पुटपुटत परत बसले. फलाटाच्या टोकाला केशरबाई मेथीच्या दोन टोपल्यांमध्ये बसून बाटलीतलं पाणी जुड्यांवर शिंपडत होत्या. जीपवाले टोपल्या घेत नाहीत, म्हणून त्यांचा सगळा बाजार या गाडीवर. मेथी मान टाकायला लागली होती.

पावणेदहाला अपेक्षा जवळ आली. पांढऱ्या गणवेशावर धूळ बसली होती, ती झटकत होती.

"आबाजी, अकराले प्रॅक्टिकलची परीक्षा हाये. बाहेरचे सर आले हायेत. आज नाई गेली तर वर्ष जाते माहं."

"मंग मी कोणासाठी करून राहिलो हे सारं? तुयासाठीच न!"

आवाज इतका चढला की मनोजनंही मान वर केली. अपेक्षानं घड्याळ पाहिलं आणि पुन्हा बाही झटकली.

शेषरावांनी रुळांकडे पाहिलं. सिग्नल लाल. दूरवर काही नाही. मेली गाडी कुठं मरून पडली होती कोण जाणे! ते तसेच पिंटूकडे गेले आणि चावी त्याच्या हातात दिली.

"पोट्टीले पुढं बसव. कॉलेजच्या गेटपाशी सोड, चौकात नाई."

झालं. स्वतःची नात जीपमध्ये बसवल्यावर दुसऱ्याला कोणत्या तोंडानं अडवायचं? पाच मिनिटांत जीप भरली, बाकीचे मोटारसायकलींवर गेले, ज्यांना कुठं जायचंच नव्हतं ते घरी गेले. उत्तमराव जाताना शेषरावांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. त्याचा शेषरावांना जास्तच राग आला.

पॅसेंजर आली पावणेअकराला. चढणारं माणूस एकच, केशरबाई.

मनोज पेन धरून घुटमळला. "काका, माणसं मी डोळ्यांनी पाहिली ना. चाळीस लिहितो."

"लबाडी नको लिवू. एकतीस वर्षांत म्या खोटा झेंडा दाखवला नाई. चढलं एक, तर एकच लिव. अन् गाडी किती उशिरा आली, तेबी लिव."

मनोजनं फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला, उलटवून मागची बाजू पाहिली.

"त्याचा रकानाच नाही, काका."

शेषरावांनी केशरबाईंची पहिली टोपली डब्यात चढवली, तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"आबाजी, पोचली मी," अपेक्षा धापा टाकत म्हणाली. "पिंटूदादा म्हणते, आमा कॉलेजच्या तिघी पोरींले रोज पुढची सीट ठेवतो. बाबाले फोन केला, तेबी चालन म्हणले. हो सांगू काय?"

गाडी समोरच उभी होती. डब्याच्या दांड्याला धरलेला हात शेषरावांनी सोडला.

"सांग," ते म्हणाले. "हो सांग."

केशरबाई दारातून वाकल्या. "काय म्हणे पोरगी?"

"पोचली म्हणे."

"बरं झालं, बाप्पा! तुमी हायेत म्हणून आमाले कायजी नाई, शेषरावभाऊ. आता थांबत राहीन न आपली गाडी?"

शेषरावांनी दुसरी टोपली उचलून त्यांच्या पायाशी सरकवली.

"राहीन न," ते म्हणाले. "काहून नाई राहणार?"