ठसका आणि वास

आईने नाकाची परीक्षा स्वतःच ठरवली आणि परीक्षक म्हणून माझा धाकटा भाऊ रजत याला पुण्याहून व्हिडिओ कॉलवर बसवले. तव्यावर थोडे तेल, भिवापूरच्या चार मिरच्या, गॅस मोठा. अर्ध्या मिनिटात ती खोकू लागली. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "पाह्य गा. लागला ना ठसका? माहं नाक गेलं म्हणत होता."

"मान्य, आई," रजत हसला. "राहा तुझ्या सक्करदऱ्यातल्या घरात."

प्रश्न नाकापुरता नव्हता, घराचा होता. हिवाळ्यातल्या तापानंतर आईला वास येईनासा झाला असावा, अशी आम्हा दोघांना शंका होती. पंधरवड्यात दोनदा दूध करपून पातेले काळे झाले आणि शेजारच्या खोलीत बसलेल्या आईला पत्ता नव्हता. रजतची अट सरळ होती: वास येत नसेल, तर एकटीने राहायचे नाही, पुण्याला यायचे. वडील गेल्यापासून नऊ वर्षे आई या फ्लॅटमध्ये स्वतःच्या मर्जीने राहत होती आणि ती मर्जी तिला सोडायची नव्हती.

मी भौतिकशास्त्र शिकवते. परीक्षाच चुकीची होती, हे मला तेव्हाच कळले. ठसका म्हणजे वास नव्हे. मिरचीची झोंब मेंदूकडे नेणारा मज्जातंतू वेगळा. वासाचे तंतू निकामी झाले तरी तो शाबूत राहतो. ज्याला चिंधी जळल्याचे कळत नाही, त्यालाही मिरची रडवते. तरीही कॉल संपेपर्यंत मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याला कोणताही शास्त्रीय आधार नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी आईला ते सांगितले आणि तिचे डोळे ओढणीने बांधून तिच्यासमोर एकेक करून चार वाट्या धरल्या: कॉफी, हिंग, जळकी चिंधी, साधे पाणी. पाण्याला ती हिंग म्हणाली. चिंधीला आणि हिंगाला "काहीच नाही" म्हणाली. कॉफी बरोबर आली. पण नुसत्या अंदाजानेही चारांत एखादे बरोबर येऊ शकते.

तिने ओढणी सोडली आणि वाट्यांकडे पाहत राहिली. "रजतले सांगशील, मयुरा?"

"तू सांग."

"काहून? तू कोणाच्या बाजूनं आहे वं?"

"आगीच्या विरुद्ध."

"माह्या पोटची, अन् मलेच पेपर देऊन राहिली."

चूक माझ्याकडूनही झाली होती. गेल्या वर्षी मी तिच्या स्वयंपाकघरात स्मोक डिटेक्टर लावला. प्रत्येक फोडणीला तो किंचाळे. आईने त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून रबरबँड लावला होता.

"त्याले फोडणी अन् आगीतला फरक कळत नाही, मले वास कळत नाही," ती म्हणाली. "चांगली जोडी लावली तू."

तिचे निरीक्षण अचूक होते. त्या डबीत प्रकाशाची एक तिरीप असते. कण आत शिरले की प्रकाश विखुरतो आणि भोंगा वाजतो. कण फोडणीतल्या मिरचीचे की जळत्या पडद्याचे, हे डबीला समजत नाही. म्हणून स्वयंपाकघरात धूर नव्हे, उष्णता ओळखणारे यंत्र हवे. मी आणलेले यंत्र सत्तावन्न अंशांना वाजणारे होते. मे महिन्यातल्या दुपारी, दोन्ही शेगड्या चालू असताना, छताजवळ मी सेहेचाळीस मोजले. अंतर पुरेसे होते. स्मोक डिटेक्टर स्वयंपाकघर आणि झोपण्याची खोली यांच्यामधल्या पॅसेजमध्ये हलवला. गॅसची गळती या दोघांनाही कळत नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे त्याचे तिसरे यंत्र जमिनीलगत बसवले.

मग चाचणीसाठी आई दार लावून पलंगावर पडली. कूलर नेहमीसारखा पूर्ण वेगात घरघरत होता. मी पॅसेजमध्ये लोखंडी पळीत चिंधी धुमसत ठेवली. बाविसाव्या सेकंदाला भोंगा सुरू झाला. मी घड्याळ धरून उभी राहिले. एक मिनिट. दोन. दार उघडले नाही.

चिंधी विझवून मी आत गेले. आई टक्क जागी होती.

"लावलं नाही का अजून?" तिने विचारले.

माझ्यामागून धूर खोलीत येत होता. तो तिला दिसला आणि तिचा चेहरा उतरला. त्या क्षणी रजतचे म्हणणे बरोबर ठरत होते आणि पुरावा मी तयार केला होता.

ती उठून बसली. मग म्हणाली, "त्या भोंग्याले इथं आण. माह्या डोक्याशी."

स्मोक डिटेक्टरची तशी जोडी मिळते: एक पॅसेजमध्ये, एक उशाशी. एक वाजले की दुसरेही वाजते. आठवड्याने ती बसवली. पुन्हा चिंधी, पुन्हा कूलर. भोंगा सुरू झाल्यावर अकराव्या सेकंदाला दार उघडले. आई माझ्याकडे न पाहता, भिंतीला हात लावत, थेट बाहेर जिन्यावर गेली. तिथे पायरीवर बसून तिने पुण्याला फोन लावला.

"रजत, मले वास येत नाही गा. मिरचीची परीक्षा खोटी होती. मले माहीत नव्हतं, मयुराले माहीत होतं." तिने श्वास घेतला. "आता मी काय काय लावलं ते ऐक. मंग बोल."

रजतने काहीतरी विचारले.

"तो आवाज? त्याचंच तर सांगून राहिली," आई म्हणाली आणि फोन उघड्या दाराकडे धरला.