पुसलेली कड

मित्रांनो, मी डोळ्यांच्या दवाखान्यातला एक जुना कॅमेरा आहे. मी डोळ्याच्या बाहुलीतून आत डोकावतो आणि मागच्या पडद्याचा फोटो काढतो. तिथे कुणी 'पुन्हा काढा, मी जाड दिसतेय' म्हणत नाही.

नवा होतो तेव्हा पाहुणे मला बघायला येत. पुढे माझ्या डोक्यावर रिकामी खोकी साठली. मग 'मोडीत' अशी चिठ्ठी पाठीवर चिकटवली, म्हणजे मला वाचता येऊ नये. पण भीती पाठीवरूनही वाचता येते.

त्याच आठवड्यात एक शिवणकाम करणारी बाई धाकट्या बहिणीला घेऊन आली.

"वाकले की क्षणभर सगळं काळं होतं हो. डोकंही ठणकतं."

तिने हनुवटी माझ्या पट्टीवर टेकवली. फोटो काढला आणि मीच हादरलो. डोळ्याची नस जिथे पडद्याला मिळते तिथे एक गोल चकती दिसते. तिची कड रेखीव हवी. हिची दोन्ही डोळ्यांत फुगून पुसली गेली होती.

फोटो काढणारी ताई मला म्हणाली, "मेल्या, म्हातारा झालास! सगळं धूसर." मग बाईला, "पुढच्या महिन्यात नवा कॅमेरा येतोय. तेव्हा या."

बाई उठली. माझी पाचावर धारण बसली. तोवर हिची नजर टिकेल? ओरडावं, तर तोंड कुठलं!

बहीण मात्र हलेना. "कॅमेरा बिघडलाय, तर माझाही धूसर येईल ना? काढा बघू. दोन बस बदलून आलोय आम्ही."

"हट्टी आहेस गं!" म्हणत ताईने काढला. कड लख्ख, नव्या नाण्यासारखी.

ताईने बाईला परत बसवलं. तिने बाईचा पुन्हा काढला. पुन्हा धूसर. ती डॉक्टरीणबाईंकडे धावतच गेली. फोटो बघताच त्या म्हणाल्या,

"नस सुजलीय. डोक्यातला दाब वाढलेला दिसतोय. आजच स्कॅन करायचा."

"मी आंधळी होणार का?"

"त्यासाठीच घाई करतेय. आज घरी जायचं नाही."

स्कॅन झाला, पाठीतलं पाणी तपासलं, दाब उतरवायच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिने मी प्रत्येक हनुवटीला दचकत होतो. अखेर ती आली. मी भीतभीतच आत पाहिलं. पुसलेली कड परत उमटली होती.

"सुईत दोरा मीच ओवते आता," ती ताईला म्हणाली.

नवा कॅमेरा? तो अजून पुढच्या महिन्यातच येतोय.

मित्रांनो, फोटो धूसर आला तर आम्हा म्हाताऱ्यांना खुशाल शिव्या द्या. फक्त माणसाला घरी धाडण्याआधी शेजारच्याचा एक फोटो काढून बघा.