जे येतं ते डावीकडे

“पुसू नकोस गं, थांब! उजवी बाजू उतरवायचीय अजून!”

मागच्या बाकावरून ओफोरी ओरडला तशी मान्सा हसत फळ्यापासून बाजूला झाली. तिच्या डाव्या हातात खडू होता आणि तळव्याची कड पांढरीफटक झाली होती. डावखुऱ्या माणसाचं असंच होतं, लिहिलेलं त्याच्याच हाताने पुसलं जातं. म्हणून ती मनगट वाकवून, हात अक्षरांच्या वर धरून लिहायची. दिसायला ते भलतंच विचित्र होतं. पण कुमासी शहरातल्या त्या विद्यापीठात पहिल्या वर्षाची अर्धी मुलं बोआडू सरांचा हिशेबाचा तास संपला तरी उठत नसत. सरांनी तासभर घालून जो गुंता करून ठेवलेला असे, तो मान्सा बघता बघता सोडवून दाखवी.

बिरागो दाराशी उभी होती. आत जावं तर मान्साची शिष्या व्हायचं, आणि निघून जावं तर आजचं एक अक्षरही कळलेलं नव्हतं. शेवटी तिने पाण्याची बाटली विसरल्याचं सोंग केलं, एका बाकाखाली वाकून बघितलं आणि तिथेच टेकली.

ती मान्साचा जळफळून हेवा करत होती, आणि तो हेवा मान्साचा वाटावा याचीच तिला सगळ्यात जास्त चीड येत होती.

दोघी मॅम्पाँग गावच्या, एकाच गल्लीतल्या. शाळेत दरवर्षी पहिला नंबर बिरागोचा. तिची आई दुसरीच्या वर्गाची बाई, त्यामुळे तिचं बोलणं-चालणं, वाकून नमस्कार करणं, मोठ्यांना वस्तू देताना दोन पावलं पुढे जाणं, हे सगळं गावात नावाजलेलं. मान्सा मधल्या नंबरांत कुठेतरी असायची. तिचं नाव निघे ते फक्त तिच्या डाव्या हातामुळे. बिरागोच्या आईने तो हात आपल्या डोक्याच्या रुमालाने बाकाला बांधून ठेवून बघितला, आणि मान्साच्या आईने उपकार मानून बाईंच्या घरी अंडी आणून दिली. सुट्टीत सगळी पोरं एका भांड्याभोवती कुटलेल्या कंदांचं फुफू खायला बसली, की मान्साचं ताट वेगळं, भिंतीकडे. तेव्हा बिरागो आपला घास घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसायची. सगळे म्हणत, केवढी मायाळू पोर! बिरागोलाही ते पटलेलं होतं.

आता ती मायाळू पोर पाठीमागच्या बाकावर बसून मान्साने फळ्यावर मारलेली रेघ उतरवून घेत होती.

* * *

बोआडू सर पहिल्या चाचणीचे पेपर वाटत होते. एकेक पेपर देताना ते दोन शब्द बोलत, आणि ते दोन शब्द विद्यार्थ्याला आठवडाभर पुरत.

“बिरागो ओवुसुआ. कोण?”

ती उभी राहिली. तिला खात्री होती. शेवटी सगळ्या खात्यांची तेरीज मांडली तेव्हा दोन्हीकडच्या बेरजा तंतोतंत जुळल्या होत्या. बेरजा जुळल्या म्हणजे गणित बरोबर, एवढं तरी तिला कळत होतंच की.

“बाळ, तुझा पेपर मी आरशासमोर धरला,” सर म्हणाले. “आरशात तुला पैकीच्या पैकी आहेत. आरशाबाहेर मात्र काहीच देता येत नाही.”

वर्ग खो खो हसला. सरांनी पेपर उंच धरून दाखवला. प्रत्येक खात्यात बिरागोने येणारं उजवीकडे आणि जाणारं डावीकडे लिहिलं होतं. दुकानात कापड आलं, उजवीकडे. गल्ल्यात पैसे आले, उजवीकडे. एकही नोंद सुटली नव्हती आणि एकही सुलट नव्हती. सगळंच उलटं असल्यामुळे बेरजा बिचाऱ्या जुळल्या होत्या.

“जे येतं ते डावीकडे. किती वेळा सांगितलं?”

“सर, तिने घरी कधी डाव्या हाताने घेतलं नाही ना, म्हणून हात वळत नाही,” कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा झाला. बोलणाऱ्याने थट्टा केली होती, पण खरं तेच होतं. बिरागोला नियम पाठ होता. पेन कागदावर टेकलं की मात्र हात आपोआप सभ्य बाजूला जायचा.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. मॅम्पाँगच्या ग्रामस्थ मंडळाने गावातून एकाच मुलीची फी भरली होती आणि ती मुलगी बिरागो होती. सत्राअखेर एका विषयात जरी ती नापास झाली, तरी फी बंद आणि घरी परत. मान्साची फी तिचे मामा टोमॅटोचे ट्रक हाकून भरत होते. तिच्यावर कुणाची नजर नव्हती, कुणाची अपेक्षा नव्हती. म्हणूनच तिला जमतंय, असं बिरागो स्वतःला सांगायची.

* * *

“हात पुढे कर,” मान्सा म्हणाली. दोघी वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहायच्या. मान्सा खाटेवर मांडी घालून बसली होती, समोर वाच्येचा, म्हणजे चवळीभाताचा, डबा उघडा होता आणि ती निवांतपणे डाव्या हाताने खात होती. जगात फक्त या खोलीत, फक्त बिरागोसमोर ती अशी खायची.

“कशाला?”

“कर गं! दोन्ही हात. हं. आता हा डावा घेणारा, हा उजवा देणारा. मी तुला साबण दिला. घे.”

बिरागोचा उजवा हात पुढे झाला. मान्साने त्यावर चापट मारली.

“शी! डाव्याने कोण घेतं?”

“मी घेते,” मान्सा सहज म्हणाली. “अगं, माझं काय झालं सांगू? सरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर रेघ मारली आणि म्हणाले, येणारं डावीकडे. मला वाटलं, चला, एवढ्या मोठ्या जगात डाव्या हातासाठी एक तरी जागा निघाली. मला शिकावंच लागलं नाही काही. घे, साबण घे. डाव्याने.”

बिरागोने घेतला. अंगावर काटा आला तिच्या, पण घेतला. मग कंगवा, मग उशी, मग शितोच्या तिखट चटणीची बाटली. डाव्याने घ्यायचं, उजव्याने परत द्यायचं, आणि दर वेळी तोंडाने म्हणायचं, साबण आला, नावे; साबण गेला, जमा. दोघी हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. आणि हसता हसता एकदम बिरागोला कळलं. सगळं कळलं, घट्ट बसलेलं झाकण निघावं तसं.

“बघ! आलं की नाही?” मान्साने टाळी वाजवली. “तू हुशारच आहेस गं, नुसती अडली होतीस.”

हे वाक्य बिरागोच्या मनात काट्यासारखं रुतलं. तू हुशारच आहेस. हेच वाक्य आजवर ती मान्साला ऐकवत आली होती, अगदी याच सुरात. वरून खाली बोलताना आवाज कसा गोड होतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मान्साच्या मनात तसं काही नव्हतं. ते बिरागोलाही दिसत होतं, आणि त्यामुळे राग जास्तच आला.

* * *

पुढच्या आठवड्यात विभागप्रमुख आगेमान मॅडम स्वतः वर्गावर आल्या. त्या आल्या की बोआडू सरसुद्धा खिशातले हात बाहेर काढत. मॅडमनी चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं.

“मी ऐकलंय, एक मुलगी तास संपल्यावर शिकवते. आजपासून ते काम विभागाचं. मागची खोली तिला मिळेल, आणि वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्र. कोण ती?”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मान्सा उठली ती गोंधळूनच. दहा जणांच्या वह्या तिने तपासायला घेतल्या होत्या, त्या सगळ्या उजव्या कवेत. ती तशीच पुढे गेली. मॅडम वर्गाकडे बघत बोलत होत्या आणि खोलीची किल्ली त्यांनी न बघताच पुढे केली. मान्साचा डावा हात पुढे आला.

मॅडमनी बघितलं नव्हतं. किल्ली अजून त्यांच्याच बोटांत होती. एक क्षण गेला असता तर कुणालाच काही कळलं नसतं.

“मॅडम, तिला माफ करा हं.” बिरागो उभी राहिली होती. आईने शिकवलेला स्वच्छ, नम्र आवाज, हात पाठीशी, मान किंचित झुकलेली. “लहानपणापासून तिला डाव्याच हाताची सवय आहे. आमच्या गावात सगळ्यांनी पुष्कळ प्रयत्न केले. खातेसुद्धा ती त्याच हाताने.”

कुठून तरी फिसकन हसणं आलं आणि ते पसरत गेलं. मॅडमनी खाली बघितलं आणि किल्ली मागे घेतली.

“मला डावा हात?” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. “घरी कुणी मोठं माणूस नाही का तुझ्या?”

मान्साने वह्या जमिनीवर ठेवल्या. काही घसरून पसरल्या. ती गुडघ्यात वाकली, उजवा हात पुढे केला आणि डावा हात पाठीमागे नेला. “चुकले, मॅडम. माफ करा.” मॅडमनी तिला तसंच थांबवून ठेवलं. बोआडू सर घसा खाकरले तेव्हा कुठे किल्ली तिच्या तळव्यावर पडली.

वह्या गोळा करून परत येताना मान्सा बिरागोच्या बाकाजवळून गेली. बिरागोने तोंडावर काळजी आणून ठेवली होती. मान्साने तिच्याकडे बघितलंच नाही. बिरागोला वाटलं होतं, आतला हेवा आता शमेल. तो शमला खरा, पण त्या जागी काय आलं ते तिला सांगता आलं नसतं.

संध्याकाळी मागच्या खोलीत मान्साने खडू उजव्या हातात धरला. टी-आकाराच्या खात्याची रेघ वाकडी गेली. अक्षरं शिशुवर्गातल्या पोराची असावीत तशी, एक मोठं, एक बारकं.

“अगं, नेहमीच्या हाताने लिही ना,” ओफोरी म्हणाला. “आम्हाला काही नाही.”

“विभागाची खोली आहे,” मान्सा म्हणाली.

मुलं हळूहळू कमी होत गेली. वाकडं अक्षर कुणाला वाचता येईना आणि मान्साला लिहायला वेळ लागू लागला. लिहिताना तिचं सगळं लक्ष हाताकडे असायचं. बोलता बोलता जे सुचायचं, ते सुचणं थांबलं होतं. बिरागो मात्र एकही दिवस चुकवत नव्हती. पुढच्या बाकावर बसून ती सगळं उतरवून घ्यायची. तिला वाटायचं, मान्साने एकदा तरी आपल्यावर ओरडावं.

* * *

सत्राचा निकाल दुपारी लागला. हिशेबात बिरागो वर्गात दुसरी आली होती. परीक्षेत प्रत्येक नोंदीला तिने बाकाखाली दोन्ही हात पसरले होते, डावा घेणारा, उजवा देणारा. एकदाही चुकली नाही. मंडळाची फी वाचली होती. पहिला आला होता ओफोरी. पेपरही उजव्याच हाताने लिहून मान्सा पास झाली होती, मधेच कुठेतरी.

बिरागो धावतच खोलीवर आली. वाटेत तिने ठरवलं होतं की आधी माफी मागायची आणि मगच निकाल सांगायचा.

मान्सा दोन ताटांत वाच्ये वाढत होती. “कळलं मला,” ती म्हणाली. “अभिनंदन. आई खूश होईल तुझी.” एक ताट तिच्या डाव्या हातात होतं. पुढे करता करता ती थांबली, ताट टेबलावर टेकवलं, उजव्या हाताने पुन्हा उचललं आणि डावा हात पाठीशी नेऊन बिरागोच्या पुढे धरलं.

“अगं, माझ्याशी काय हे?” बिरागो म्हणाली. “आपण दोघीच तर आहोत. मान्सा, त्या दिवशी मी…”

“खा गं, गार होईल,” मान्सा म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि दुसरंही काही नव्हतं.

ती समोर बसली आणि उजव्या हाताने जेवू लागली. घास नीट बांधला जात नव्हता. तोंडाशी नेईपर्यंत भात आणि चवळीचे दाणे मांडीवर सांडत होते. डावा हात तिने मांडीखाली दाबून ठेवला होता. बिरागो हातातलं ताट तसंच धरून बघत राहिली, आणि मान्सा सांडलेला एकेक दाणा उजव्याच हाताने वेचून ताटाच्या कडेला ठेवत राहिली.